शरदातले शिकारी पक्षी मोजताना

नैर्ऋत्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पुण्यातून काढता पाय घेतो आणि त्यानंतरचे काही आठवडे आपल्या डोक्यावरून जे पक्षी जातात, त्यांच्याकडे शहराचे फारसे लक्ष नसते. दसरा, दिवाळीची खरेदी आणि ऑक्टोबरच्या उन्हाचे चटके यांत मान वर करून आकाश न्याहाळायला सवड तरी कोणाला असणार? पण कझाकस्तानच्या आणि दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशात जन्मलेले भोवत्या (हॅरियर) पक्षी, मध्य आशियाकडून येणारे गरुड, काळ्या कानाच्या घारी, आणि नोव्हेंबर सरता सरता पार आग्नेय सैबेरियाहून व उत्तर चीनमधून निघालेले अमूर ससाणे याच दिवसांत पुणे जिल्ह्यावरून पुढे जातात किंवा इथेच हिवाळ्याच्या मुक्कामाला उतरतात. गेली काही वर्षे शरद ऋतूत मी हे पक्षी मोजतो आहे. छायाचित्रे काढणाऱ्यांची पुण्यात वाण नाही. मोजणाऱ्यांची आहे, आणि ती उणीव भरून निघावी अशी मनापासून इच्छा असल्यामुळे या मोजणीविषयी थोडे सविस्तर लिहितो.

शिकारी पक्षी त्यांच्या विणीच्या प्रदेशात मोजणे फार अवघड असते. अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असल्यामुळे त्यांची संख्या मुळातच विरळ असते, एकेका जोडीचा प्रदेश मोठा असतो आणि त्यातले बरेच प्रदेश माणसाच्या वाटेपासून दूर असतात. स्थलांतरात मात्र हेच पक्षी दिवसाउजेडी, उघड्या आकाशात आणि ठरावीक दिवसांत आपल्या समोरून जातात. गरुड, बाज, घारी यांसारखे रुंद पंखांचे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभांवर, म्हणजे थर्मलवर, गिरक्या घेत उंच जातात आणि मग पंख न हलवता पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जातात. पाण्यावर असे थर्मल सहसा तयार होत नाहीत, म्हणून हे पक्षी समुद्र टाळतात आणि जिथे डोंगर व समुद्र यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी उरते तिथे त्यांची प्रचंड दाटी होते. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझमध्ये एका शरदात चाळीस लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात. काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्यामध्ये वसलेल्या जॉर्जियातल्या बातुमीत 2008 पासून पद्धतशीर मोजणी चालू आहे आणि तिथला आकडा दहा लाखांच्या वर जातो.

या मोजणीचे मोल काय, हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिले ते अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील हॉक माउंटनने. त्या डोंगरकड्यावर पूर्वी शरदात माणसे बंदुका घेऊन बसत आणि जाणारे ससाणे व बाज हौसेखातर पाडत. 1934 साली रोझली एज या बाईंनी ती जागा भाडेपट्ट्याने घेऊन शिकार बंद केली आणि मॉरिस ब्राउन यांना राखणीसाठी तिथे नेमले. ब्राउन नुसते राखण करत बसले नाहीत. त्यांनी जाणारा प्रत्येक पक्षी मोजून लिहून ठेवायला सुरुवात केली. पुढे डीडीटी या कीटकनाशकाचा वापर सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत याच नोंदवह्यांतून दिसून आले की जाणाऱ्या बाल्ड ईगल गरुडांमध्ये पिल्लांचे प्रमाण घसरले आहे. प्रौढ गरुड दिसत होते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सारे ठीक वाटले असते. पण नव्या पिढीची भरच पडत नव्हती. डीडीटीविरुद्धच्या पुराव्यांत या नोंदींची भर पडली आणि 1972 मध्ये अमेरिकेत त्या कीटकनाशकावर बंदी आली. ब्राउन मोजायला बसले तेव्हा डीडीटी हा प्रश्न अस्तित्वातच नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उद्याचा प्रश्न कोणता असेल हे आज कळत नाही. म्हणून वय, लिंग, वेळ, वारा हे सगळे आजच लिहून ठेवावे लागते.

पुण्याला बातुमीसारखी चिंचोळी वाट नाही. दख्खनचे पठार ऐसपैस आहे आणि त्यावरून पक्षी रुंद आघाडीने, विखरून जातात. वेताळ टेकडीवर किंवा कात्रज ते दिवे घाट या डोंगररांगेवर बसून हजारोंचे थवे पाहायला मिळतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. एखाद्या सकाळी चार भोवत्या पक्षी, दोन बूटेड गरुड आणि एक बहिरी ससाणा अशी नोंद झाली तर तो दिवस चांगला गेला असे समजावे. पण आकडा लहान आहे म्हणून मोजणीची शिस्त सैल करून चालत नाही; उलट लहान आकड्यांत एकदोन पक्ष्यांची चूकही मोठी ठरते.

टेकडीवरच्या मोजणीत पहिली अडचण आपल्या घारींची असते. पुण्याच्या आकाशात स्थानिक घारी बाराही महिने असतात. त्या दिवसभर त्याच त्या पट्ट्यात घिरट्या घालतात आणि संध्याकाळी रातथाऱ्यावर गोळा होतात. त्यांना प्रवासी समजून मोजले तर सारी वहीच निरुपयोगी होईल. म्हणून आम्ही आधी एक रेषा ठरवून घेतो. समोरचा मोबाईलचा मनोरा आणि त्याच्या पलीकडचा सुळका यांना जोडणारी ही काल्पनिक रेषा जो पक्षी एका दिशेने ओलांडून गेला आणि परत आला नाही, तोच प्रवासी. उलट दिशेने गेलेला पक्षी वजा होतो. उत्तरेकडून येणारी काळ्या कानाची घार आपल्या घारीपेक्षा मोठी आणि जडशीळ असते, तिच्या पंखांच्या टोकाजवळ खालून पांढुरका डाग ठळक दिसतो. पण उंचावरून जाणाऱ्या पक्ष्यात हा फरक प्रत्येक वेळी ओळखू येईलच असे नाही. ओळखू आला नाही तर 'घार, उपजात अनिश्चित' असेच लिहायचे.

आकाश निरभ्र असले की मोजणी सोपी होईल असे नवख्याला वाटते, प्रत्यक्षात घडते ते उलटे. कोऱ्या निळ्या आकाशात डोळ्याला टेकायला काही सापडत नाही आणि उंचावरचा ठिपका नजरेतून निसटतो. पांढऱ्या ढगांची पार्श्वभूमी मिळाली की तोच पक्षी दूरवरून दिसतो. त्यामुळे ढग किती होते याची नोंद पक्ष्यांच्या नोंदीइतकीच आवश्यक आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहत बसण्यापेक्षा दुर्बिणीने क्षितिजाच्या थोडे वर, डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवत राहणे आणि मग एक पट्टा वर चढून परत येणे, हीच पद्धत कामाची आहे. साडेनऊ-दहापर्यंत जमीन तापते आणि पक्षी चढू लागतात. दुपारी ते इतके वर जातात की दुर्बिणीतही धुळीच्या कणाएवढे उरतात. भर सकाळचे दोन-तीन तास म्हणूनच मोलाचे.

एकाच थर्मलमध्ये अनेक पक्षी फिरत असतील तर तिथे ते मोजू नयेत. वर्तुळात कोण पुढे, कोण मागे याचा हिशेब लागत नाही आणि तोच पक्षी दोनदा मोजला जातो. थांबावे. स्तंभाच्या माथ्याशी पोहोचले की ते एकामागोमाग एक रांगेने पुढच्या दिशेला घसरू लागतात. दोऱ्यातून मणी ओघळावेत तसे ते सुटे सुटे होतात आणि त्या क्षणी टॅली काउंटरचे बटण दाबत गेले की आकडा बिनचूक येतो. याच वेळी ओळखही पटते. बूटेड गरुड समोरून येताना मान आणि पंख जिथे जुळतात तिथे दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका लख्ख दिसतो, आणि फिकट रंगाच्या पक्ष्याचे पोट पांढरे तर उड्डाणपिसे काळी असतात. स्टेप गरुड आला तर त्याच्या पंखाखाली पाहावे: तिथे रुंद पांढरा पट्टा असेल तर तो तरुण पक्षी. वय नोंदवण्याची ही इतकी सोपी संधी आपण दवडू नये, कारण स्टेप गरुड 2015 पासून जागतिक पातळीवर संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. हिवाळ्यात हे गरुड मेलेल्या गुरांवरही उतरतात. राजस्थानात असे मरून पडलेले स्टेप गरुड गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने दगावल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले होते. गिधाडांचा घात करणाऱ्या त्या औषधावर गुरांसाठी 2006 पासून बंदी आहे, पण गिधाडांच्या पलीकडेही त्याचा फटका बसतो हे त्या अभ्यासाने दाखवले.

मोजणी म्हणजे आकडा, असा समज आहे. माझ्या मते मोजणी म्हणजे आकडा आणि त्यामागचे तास. चार तासांत आठ पक्षी आणि एका तासात आठ पक्षी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तास लिहिलेच नाहीत तर दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. म्हणून दर तासाला वहीत नवी ओळ सुरू करायची, वाऱ्याची दिशा, ढग, धुरके आणि निरीक्षकांची संख्या लिहायची, आणि त्या तासात एकही पक्षी गेला नाही तर स्वच्छ अक्षरात शून्य लिहायचे. हे शून्य लिहिण्याचा आपल्याकडे कंटाळा केला जातो. पक्षी दिसला नाही तर सकाळ वाया गेली असे मानून लोक घरी परततात आणि ती सकाळ कोणत्याच नोंदीत येत नाही. मग दहा वर्षांनी मागे वळून पाहिले तर केवळ चांगल्या दिवसांचा इतिहास शिल्लक राहतो आणि पक्षी कमी झाले की नाही हे त्यावरून कधीच ठरवता येत नाही. 'ओळख पटली नाही' या रकान्याचेही तसेच. तो रकाना ज्याच्या वहीत कायम रिकामा असतो त्याच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवणे मला जड जाते.

टेकडीपेक्षाही भरवशाची मोजणी होते ती पुण्याच्या पूर्वेला, सासवडपलीकडच्या आणि सुपे, बारामती, इंदापूर या पट्ट्यातल्या माळरानांवर. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या दिवसभर गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, एकेकटे फिरतात आणि संध्याकाळी मात्र एकाच गवताच्या तुकड्यात जमिनीवर रात्र काढायला जमतात. गुजरातमधले वेळावदर अशा सामूहिक रातथाऱ्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. आपल्या माळावरचे रातथारे त्या मानाने फार लहान असतात, पण दरवर्षी त्याच जागी पक्षी येत असतील तर तो तुकडा मोजणीसाठी उत्तम ठरतो. असा एक रातथारा आम्हाला दाखवला तो एका वयस्क धनगर मामांनी. आम्ही गावाच्या बाजूने चढत होतो, तेव्हा त्यांनी मेंढरे वळवता वळवता हाक मारली, “पाव्हणं, हिकडनं नगा जाऊ. ओढ्याच्या अंगानं या. वर माणूस दिसलं की ती समदी पुन्यांदा उठत्यात.” “किती असतील, मामा?” असे विचारले तर म्हणाले, “म्या कशाला मोजू? पर औंदा गवात हाय, म्हंजे हायेत.” गवत आणि भोवत्या यांचा संबंध याहून नेमक्या शब्दांत मांडलेला मी तरी वाचलेला नाही.

रातथाऱ्याच्या मोजणीला सूर्यास्तापूर्वी किमान तासभर आधी जाऊन बसावे लागते. चौघे असतील तर चौघांनी चार दिशा वाटून घ्याव्यात, रातथाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर खाली बसावे आणि घड्याळे जुळवून घ्यावीत. भोवत्या सरळ येऊन उतरत नाही. तो वरून दोनचार फेऱ्या मारतो, गवतात टेकतो, शेजाऱ्याने हुसकले की पुन्हा उठतो आणि वीस पावलांवर जाऊन बसतो. त्यामुळे 'उतरले' मोजून भागत नाही. प्रत्येकाने आपल्या दिशेने रातथाऱ्याच्या हद्दीत शिरलेले आणि बाहेर गेलेले असे दोन वेगळे आकडे मिनिटासह लिहायचे आणि अंधार पडल्यावर एकत्र बसून वजाबाकी करायची. दोन निरीक्षकांच्या मधून आलेला पक्षी दोघांच्याही वहीत असतो. वेळा ताडून पाहिल्या की तो सापडतो.

ओळखीचा प्रश्न इथे अधिक नाजूक होतो. नर सहज कळतात: पांढुरक्याचा नर जवळजवळ पांढरा आणि त्याच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर, तर माँटेग्यूचा नर गडद राखाडी, त्याच्या पंखावर काळी आडवी रेघ आणि कुशीवर तांबूस फराटे. माद्या आणि पिल्ले मात्र दोन्ही जातींची तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेली. स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून, तोंड दिसले आणि कानामागे फिकट गळपट्टा स्पष्ट असला तर पांढुरक्याची मादी म्हणता येते. सव्वासहाच्या उजेडात असे तोंड क्वचितच दिसते. तेव्हा 'पांढुरका किंवा माँटेग्यू, मादी अथवा पिल्लू' ही लांबलचक नोंदच खरी.

दुपारी, पक्षी शिकारीला गेलेले असताना, रातथाऱ्याच्या कडेने जपून फिरले तर कुसळी गवताच्या बुंध्याशी राखाडी, सुकलेल्या गोळ्या सापडतात. शिकारीतला न पचलेला भाग भोवत्या तोंडावाटे टाकतो, तो हाच. अंगठ्याच्या पेराएवढी एक गोळी मी कागदावर ठेवून सुईने सोडवली, तेव्हा तीत नाकतोड्यांच्या मागच्या पायांच्या दातेरी नळ्या, त्यांचे चकचकीत तपकिरी जबडे, उंदराची थोडी लव आणि एक बारीक हाड एवढा ऐवज निघाला. भोवती बाजरी-ज्वारीची शिवारे असलेल्या माळावर हे पक्षी संपूर्ण हिवाळाभर नाकतोडे वेचत असतात, हे शेजारच्या शेतकऱ्यांना त्या कागदावर दाखवले की आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

या माळांना सरकारी भाषेत 'पडीक' म्हणतात आणि दुःख तिथेच सुरू होते. पडीक म्हटले की ती जमीन सुधारायची असते: तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात, प्लॉट पडतात, रस्ते जातात. झाडे लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मान्य करूनही मी म्हणेन की जिथे भोवत्या, खोकड, लांडगा आणि धनगरांची मेंढरे शतकानुशतके गवतावर जगत आली, तिथे वृक्षारोपण ही हानीच आहे. भोवत्या झाडांच्या दाटीत रात्र काढत नाही. त्याला मोकळे, गुडघाभर गवत लागते, आणि ते नाहीसे झाले तर कझाकस्तानात कितीही पिल्ले वाढोत, इथे येणाऱ्यांना उतरायला जागा राहणार नाही. हे पटवून द्यायला भावना अपुऱ्या पडतात. एकाच तुकड्यातल्या अनेक वर्षांच्या संध्याकाळच्या नोंदी हाताशी असल्या तर संबंधित कार्यालयात निदान बोलता तरी येते.

अमूर ससाण्याची गोष्ट पश्चिमेची, घाटमाथ्यावरची. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी आशियाच्या पूर्व टोकाकडून दक्षिण आफ्रिकेत हिवाळा काढायला जातो आणि परतीसह वर्षाला वीस हजार किलोमीटरहून अधिक उडतो. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ 2012 साली जाळी लावून लाखाहून अधिक अमूर ससाणे पकडले गेल्याचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी ही शिकार थांबवली. 2013 च्या नोव्हेंबरात तिथे तीन पक्ष्यांना उपग्रह यंत्रे बसवण्यात आली आणि ते भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत पोहोचल्याचे सिद्ध झाले. वाँडरिंग ग्लायडर नावाचे चतुर याच काळात याच वाऱ्यांबरोबर समुद्र पार करतात आणि ससाण्यांना वाटेत तेच खाद्य मिळत असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. लोणावळ्याच्या परिसरात नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या आरंभी अमूर ससाणे थांबतात ते समुद्र ओलांडण्यापूर्वी. पठारावरच्या गवतावर चतुर पकडून उडता उडताच पायातून चोचीत घेणारा नर जवळून पाहावा: पाटीसारखा राखाडी, मांड्या विटकरी, पाय नारिंगी आणि पंखाखालचा पुढचा भाग शुभ्र. त्याच्या थव्यात कधी छोटी खरुची (लेसर केस्ट्रल) हा दुसरा ससाणाही असतो, म्हणून घाईने एकगठ्ठा आकडा लिहू नये. दहा पक्षी नीट मोजून तेवढा गठ्ठा डोळ्यांत बसवावा आणि मग थव्यावर तो पुढे सरकवत न्यावा. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून दोन्ही आकडे लिहावेत, सरासरी काढू नये.

लोणावळ्याला त्या दिवसांत कॅमेरे पुष्कळ येतात आणि एकेका पक्ष्याची शेकडो छायाचित्रे होतात. त्यातल्या प्रत्येकाने किती वाजता आलो, किती वाजता निघालो आणि एकूण पक्षी किती दिसले एवढ्या तीन गोष्टी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या, तरी दरवर्षी घाटमाथ्यावर हे पक्षी कधी येतात आणि किती दिवस थांबतात याचे चित्र उभे राहील. महाराष्ट्रात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस त्याच्या आरंभी आणि सालिम अली यांचा अखेरीस येतो. व्याख्याने आणि प्रदर्शने होतातच. त्याच आठवड्यात भोवत्यांचे रातथारे भरत आलेले असतात, तेव्हा जिल्ह्यातले सगळे माहीत असलेले रातथारे एकाच संध्याकाळी मोजावेत, असे मला फार वाटते.

आमचा गट यंदाही सुप्याच्या बाजूचा तोच तुकडा मोजणार आहे, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून दर शनिवारी संध्याकाळी, आणि रविवारी सकाळी टेकडीवर. ज्यांना माळावर यायचे आहे त्यांनी गाडी डांबरी रस्त्यावरच सोडून ओढ्याच्या बाजूने चालत यावे, मातकट कपडे घालावेत, कुत्रा सोबत आणू नये आणि रातथाऱ्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. दुर्बीण नसली तरी हरकत नाही. वेळ लिहून घ्यायला आणि शिरलेल्या-गेलेल्यांचा हिशेब ठेवायला एक माणूस कायमच कमी पडतो.